कापडाचं वजन: शिवायला टाकण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला पंचवटीत शिवणकाम करते. मेन रोडवरून किंवा ऑनलाइन कापड घेऊन बायका येतात, पिशवीतून ते काढतात आणि म्हणतात, "ताई, याचा अनारकली करायचाय." हातात घेताक्षणी मला कळतं की याचा अनारकली होणार नाही, याची फार तर बॅग होईल. रंग सुंदर असतो, नक्षीही सुंदर असते, फक्त वजन चुकलेलं असतं. पैसे तर गेलेले असतात आणि कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. म्हणून गिऱ्हाइकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. कापड घ्यायला निघण्याआधी एकदा वाचा.

जीएसएम म्हणजे नक्की काय?

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा कापडाचा चौरस कापला तर त्याचं जितके ग्रॅम वजन भरेल, तितका त्याचा जीएसएम. म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच. झिरझिरीत मलमल ५०-७० ची असते, रोजच्या शर्टाचं पॉपलिन ११०-१२० च्या आसपास आणि जीन्सचं कापड साडेतीनशे-चारशेपर्यंत जातं. तेवढ्या जागेत किती सूत भरलंय हे या आकड्यावरून समजतं. सूत कुठल्या प्रतीचं आहे, रंग पक्का आहे का, कापड अंगाला टोचेल का, हे मात्र तो सांगत नाही.

दुकानदार "मीटरला तीनशे ग्रॅम" म्हणाले. तेच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पँटपीस, सूटपीस, ब्लेझरचं कापड यांचं वजन बऱ्याचदा ताक्यावरच्या एका मीटरचं सांगतात, आणि त्यात अख्खा पन्हा, म्हणजे कापडाची पूर्ण रुंदी, धरलेला असतो. सूटिंगचा पन्हा ५८ इंच, म्हणजे साधारण १.४७ मीटर. मीटरला ३०० ग्रॅम असेल तर ३०० ला १.४७ ने भागायचं. उत्तर येतं २०४ जीएसएम, म्हणजे नाशिकच्या हवेला चालणारं मध्यम वजनाचं पँटचं कापड. तोच ३०० चा आकडा जीएसएम समजून घेतलात तर "फार जाड आहे" म्हणून चांगलं कापड सोडून याल.

४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर १.१२ ने भागा, ३६ इंचाचं असेल तर ०.९१ ने. पन्हा नेहमी विचारून घ्या, तो कळल्याशिवाय मीटरच्या वजनाचा उपयोग नाही.

जीन्सचं कापड दर चौरस वाराला किती औंस असं मोजतात. त्यातला एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम. १० औंस सुमारे ३४०, १२ औंस सुमारे ४०७. रेशमासाठी मॉमी नावाचं जपानी माप आहे आणि एक मॉमी म्हणजे ४.३४ जीएसएम. ऑनलाइन "१९ मॉमी सिल्क" दिसलं तर ते ८२ जीएसएमच्या आसपासचं आहे हे लक्षात घ्या.

घरच्या घरी वजन कसं काढायचं?

गिरण्यांमध्ये गोल कटर असतो. तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, त्या तुकड्याचं वजन करून शंभराने गुणतात. आपण पट्टी आणि पेन्सिल घेऊन १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा आणि किनार सोडून आतल्या भागातून कापायचा. किनारीला धागे जास्त दाट असतात, तिथला तुकडा घेतला तर आकडा फुगतो. तुकडा १.२ ग्रॅम भरला तर कापड १२० जीएसएमचं.

अडचण काट्याची येते. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो. १.२ ग्रॅमला तो १ दाखवेल आणि तुमचं उत्तर १०० येईल. इतक्या बारीक वजनाला सोनाराचा काटा हवा. सराफ बाजारात ओळखीचं दुकान असेल तर तुकडे पाकिटात घालून घेऊन जा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी वर्षातून दोन-तीनदा जाते.

कापायचं नसेल तर याहून सोपा मार्ग आहे: आणलेलं सगळं कापडच तोला. अडीच मीटरचा पीस, पन्हा ४४ इंच. अडीच गुणिले १.१२ म्हणजे २.८ चौरस मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ३१० ग्रॅम भरला तर ३१० भागिले २.८, म्हणजे साधारण १११ जीएसएम. इथे एका ग्रॅमची चूक झाली तरी काही बिघडत नाही. घरातल्या आवडत्या कुर्त्याचं कापड किती वजनाचं होतं हे समजायला ओढणी, चादर, लुंगी अशा सरळ चौकोनी गोष्टी तोलून बघा. चार-पाच वस्तू तोलल्या की आकडे हाताला ओळखीचे होतात.

दुकानात काटा नसतो. हाताने कसं ओळखायचं?

अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळायची सवय सगळ्यांनाच असते, पण त्यातून जाडी कळते, वजन नाही. लोकर जाड लागते पण हलकी असते, रेशीम पातळ लागतं पण कधीकधी चांगलंच वजनदार निघतं. मी हे करते: ताक्याचं टोक दोन हात उलगडून मुठीवरून खाली सोडते आणि ते कसं पडतं ते बघते. मुठीभोवती छत्रीसारखं उभं राहिलं तर ते ताठ, सरळ खाली ओघळलं तर ते घेराला चांगलं. मग तेच कापड दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडासमोर धरते. ट्यूबलाइटखाली सगळीच कापडं भरदार वाटतात. नंतर मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडते, म्हणजे सुरकुत्या किती पडतील ते समजतं.

दुकानदाराला दाराशी जायचं विचारायला संकोच करू नका. मेन रोड, रविवार कारंजा भागातले जुने दुकानदार स्वतःच म्हणतात, "उजेडात बघा."

दुकानात जाड होतं, एका धुण्यात पातळ झालं. असं का?

खळ. माग चालताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात, ती गरजेची असते. चांगल्या प्रोसेसिंगमध्ये ही खळ धुऊन काढतात. पण हलक्या कापडाला विकण्याआधी पुन्हा खळ चढवली की ते दळदार दिसतं, घडी कडक बसते, काट्यावरही वजन जास्त भरतं. पहिल्या धुण्यात खळ पाण्यात जाते आणि हातात उरते जाळी.

माझ्या स्वतःच्या भाचीच्या बारशासाठी मी ऑनलाइन कापड मागवलं होतं. पानावर "हेवी कॉटन" लिहिलेलं होतं, हातातही तसंच लागलं. घाईत होते, भिजवलं नाही, तसंच कापलं. पहिल्या धुण्यानंतर झबल्याच्या शिवणीजवळ धागे सरकून फटी पडल्या. तेव्हापासून न भिजवलेलं सुती कापड मी कात्रीखाली घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

खळ ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. एक, कापडाच्या दोन बाजू एकमेकांवर जोरात घासा. काळ्या ओढणीवर घासलंत तर पांढरी भुकटी दिसेल. दुसरी, औषधाच्या दुकानातलं आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब तुकड्यावर टाका. पिठाची खळ असेल तर डाग निळा-काळा होतो, नसेल तर पिवळट-तपकिरीच राहतो. दुकानात घासून बघता येतं, आयोडीनची चाचणी घरी नमुन्याच्या तुकड्यावर करा.

कुठल्या कपड्याला किती वजन घ्यावं?

मी सांगते ते आकडे अनुभवाचे आहेत, दहा-वीस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही.

तान्ह्या बाळाचं झबलं, लंगोट, दुपटं ५० ते ८० च्या मलमलीत. ओढणीही तेवढ्यातच. उन्हाळी कुर्ती केंब्रिकमध्ये ९० ते ११०, बिनअस्तराची घालायची असेल तर १२० च्या पुढे. पुरुषांचा रोजचा शर्ट १०० ते १४०, ऑक्सफर्डच्या विणीचा शर्ट १४० ते १७०. लिननचा शर्ट १३० ते १७० मध्ये छान बसतो. त्याखालचं लिनन फार लवकर चुरगळतं आणि कोपरापाशी विरतं.

खालच्या कपड्याला वजन लागतंच, कारण बसण्याउठण्याचा ताण त्यावर येतो. सलवार १२० ला चालते, घेर असतो म्हणून. पण सिगारेट पँट, लेगिंगसारखी सरळ पँट १८० च्या खाली शिवू नका, गुडघ्याला फुगे येतात आणि मागची शिवण सरकते. ड्रिल किंवा ट्विलची पँट २०० ते २८० ची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनवर उभं राहून काम करणाऱ्यांच्या गणवेशाला मी २४० च्या पुढचंच ड्रिल सुचवते, कारण तिथे कापड रोज घासलं जातं आणि कडक साबणाने धुतलं जातं. शाळेच्या मुलांच्या पँटलाही तोच न्याय, फक्त एक पायरी खाली. २०० पुरे, त्याहून जड पँट घालून पोरं दुपारभर वर्गात बसू शकत नाहीत.

टी-शर्टचं होजिअरी कापड १४० ते १६० म्हणजे कार्यक्रमात फुकट वाटतात तसला टी-शर्ट, १८० म्हणजे रोज वापरायचा, २२०-२४० म्हणजे हल्लीच्या मुलांना आवडतो तो सैल आणि जाड. हुडी २८० च्या पुढे.

ब्लाउजचं वेगळं आहे, ते पुढे येतं.

जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगलं कापड, असंच ना?

नाही! पायपुसणंही जड असतं.

सूत किलोवर विकलं जातं, म्हणून एकाच प्रतीच्या सुताचं जड कापड महाग पडतं, इतकं खरं. पण सूत जितकं बारीक काढावं तितका कापूस लांब धाग्याचा लागतो, पिंजायला-विंचरायला मेहनत लागते आणि किलोमागे भाव चढतो. सुताचा हा बारीकपणा काउंटमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकं सूत बारीक. म्हणून १०० काउंटच्या सुताची ६० जीएसएमची मलमल २० काउंटच्या १५० जीएसएमच्या कापडाहून महाग असू शकते, आणि ती तशी असणं योग्यच आहे. आमच्याकडे एक आजी येतात. त्या कापडाला हात लावून म्हणतात, "जड आहे, पण सूत भरड आहे." एवढ्या एका वाक्यात त्या वजन आणि प्रत वेगळी करतात.

काउंट आणि डेनियर हे काय असतं?

काउंट म्हणजे सुती धाग्याचा बारीकपणा. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम सुतातून ८४० वारांच्या जितक्या लडी निघतील तितका काउंट. ४० काउंटच्या एका पौंडात ३३,६०० वार सूत असतं, तीस किलोमीटरहून थोडं जास्त. सरळ अंथरलं तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरपर्यंत पुरेल. काउंट वाढला की धागा बारीक होतो. डेनियरचं उलटं आहे: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणून डेनियर वाढला की धागा जाड. तो पॉलिस्टर, नायलॉन, रेशमासाठी वापरतात.

हिशेबाची आवड असेल तर: इंचात १०० उभे धागे, ८० आडवे आणि दोन्ही ४० काउंटचे. १८० भागिले ४० म्हणजे ४.५, त्याला २३.२५ ने गुणलं की सुमारे १०५. धागे एकमेकांवरून वर-खाली वळतात म्हणून त्यात पाच-दहा टक्के मिळवा. हे झालं ११०-११५ जीएसएमचं पॉपलिन. दुकानदार काउंट आणि धागे सांगत असेल पण वजन सांगत नसेल, तर असं काढता येतं.

ब्लाउजचं "टू बाय टू" म्हणजे वजन का?

वजन नाही. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपदरी पिळाचे. बारीक धागे जोडीने पिळलेले असल्यामुळे कापड हलकं राहूनही काखेत, पाठीवर ताण सोसतं. ब्लाउज अंगासरशी घट्ट असतो, म्हणून तिथे वजनापेक्षा धाग्याची ताकद महत्त्वाची. "टू बाय वन" मध्ये एकाच दिशेचा धागा दुपदरी असतो. ते अस्तराला चालेल, बाहेरच्या ब्लाउजला मी घेत नाही.

घेराला जड कापड घ्यावं की हलकं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

कापड कसं पडतं ते वजनावर ठरतं, पण फक्त वजनावर नाही. ऑर्गंझा आणि जॉर्जेट हातात जवळजवळ सारख्याच हलक्या लागतात. ऑर्गंझाची चुणी उभी राहते, जॉर्जेटची पाण्यासारखी खाली येते. जॉर्जेटचा धागा कडक पिळाचा असतो आणि वीण सैल, म्हणून कापड कुठेही वाकायला तयार असतं. ऑर्गंझाचा धागा ताठ ठेवलेला असतो. म्हणून आधी ठरवा की घेर फुलायला हवा की ओघळायला. फुलायला हवा तर हलकं आणि ताठ, ओघळायला हवा तर मऊ आणि थोडं वजनदार, म्हणजे रेयॉन, क्रेप, जॉर्जेट. रेयॉन १३०-१४० च्या पुढे फार सुंदर पडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगावर येणारं एकूण वजन. अनारकलीला आठ मीटर कापड लागलं, पन्हा ४४ इंच, तर ते झालं साधारण नऊ चौरस मीटर. १२० जीएसएम असेल तर ड्रेस एक किलोच्या थोडा वर. तोच २०० च्या कापडात शिवला तर पावणेदोन किलोच्या पुढे, आणि अस्तर, लेस, आरसे अजून वेगळेच. नवरात्रात गरब्याला घागरा घालून तीन तास फिरायचं असतं तेव्हा हे सगळं वजन कंबरेच्या नाडीवर लोंबतं. मुली घागरा हातात धरून "भरगच्च आहे" म्हणून खूश होतात आणि तिसऱ्या दिवशी कंबर लाल झाली म्हणून येतात. घेर मोठा हवा असेल तर कापड हलकं घ्या, जड कापड हवं असेल तर कळ्या कमी करा. दोन्ही एकत्र नको.

पांढरा कुर्ता आरपार दिसू नये म्हणून किती वजन हवं?

पांढऱ्याला गडद रंगापेक्षा जास्तच लागतं. कुर्त्याला १३०-१४० आणि दाट वीण, पँटला २२० च्या पुढे. खात्री करायला कापडामागे छापील कागद धरा, अक्षरं वाचता आली तर अस्तर लागेल. अस्तराचं वजन वरच्या कापडात मिळवायचं असतं: ११० चं केंब्रिक आणि ६० चं मलमलीचं अस्तर म्हणजे अंगावर १७०.

ओल्या कापडाचा विचार वेगळा करावा लागतो. धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उजेड आरपार जातो आणि कोरडं असताना ठीक असलेलं कापड ओलं झाल्यावर पारदर्शक होतं. रंगपंचमीला तिवंधा चौकात, शनी चौकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायला जाणाऱ्या मुलामुलींना मी दरवर्षी सांगते, पांढरं घालायची हौस असेल तर १८० च्या वरचं घाला किंवा आतून गडद बनियन घाला. दुसऱ्या बाजूने, जड सुती कपडा पाणी पिऊन खूप जड होतो, म्हणून जीन्स घालून रहाडीत उतरू नका.

उन्हाळ्यात हलकं कापडच थंड असतं का?

बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. १५० ची हातमागाची खादी १०० च्या पॉलिस्टरपेक्षा थंड वाटते. खादीचा धागा ओबडधोबड असतो, अंगाला सगळीकडे चिकटत नाही, मधून हवा खेळते आणि घाम शोषला जातो. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही.

थेट उन्हात राबणाऱ्यांनी फार विरळ कापड घालू नये. द्राक्षबागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ते अगदी बरोबर आहे. दाट विणीचं १२०-१४० चं कापड ऊन अडवतं, झिरझिरीत मलमलीतून कातडी भाजते.

थंडीसाठी जाड कापड घेतलं की झालं?

ऊब कापडात अडकलेल्या हवेमुळे येते, वजनामुळे नाही. ४०० जीएसएमची जीन्स निफाडच्या थंडीत पायाला गारच लागते. २५० ची लोकर किंवा फ्लीस तिच्याहून कितीतरी उबदार. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या हिवाळ्यात बऱ्याचदा येतात. तिथे पहाटे बागेत जाणाऱ्याने एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ घालावेत. दोन थरांमध्ये हवा राहते आणि ऊन चढलं की एकेक काढता येतो.

दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी आणखी एक. हाताने विणलेला स्वेटर कितीही जड असो, गंगापूर रोडच्या पहाटेच्या वाऱ्यात त्याच्या टाक्यांमधून वारा आत येतो आणि सगळी ऊब घेऊन जातो. त्यावर ७०-८० जीएसएमचं, पण घट्ट विणीचं विंडचीटर घाला. वजन काहीच नाही, फरक मोठा.

पावसाळ्यात?

कापड जितकं जड तितकं ते पाणी जास्त धरतं आणि वाळायला वेळ घेतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी जूनपासून सुती २०० च्या वर जाऊच नये. रामकुंडावर आंघोळीला येणारे लोक टॉवेल न आणता पंचा आणतात यामागे हेच गणित आहे. ४५० जीएसएमचा मोठा टॉवेल कोरडा असतानाच अर्ध्या किलोचा असतो, पंचा सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा. पंचा पिळून खांद्यावर टाकला की घरी पोहोचेपर्यंत वाळतो.

नऊवारी जड का वाटते? आणि पैठणी वजन बघून घ्यावी का?

आधी नऊवारी. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. रुंदी १.१५ मीटर धरली तर साडेनऊ चौरस मीटर कापड. साडेपाच मीटरच्या सहावारीत ते सव्वासहा-साडेसहा भरतं. म्हणजे ९० जीएसएमच्याच सुतात सहावारी पावणेसहाशे ग्रॅमची आणि नऊवारी साडेआठशेची. रोज नेसणाऱ्या आज्यांना म्हणून मऊ, ७०-८० ची सुती नऊवारी द्या.

पैठणीचं वजन एकसारखं नसतंच, म्हणून जीएसएम विचारून उपयोग नाही. अंगाचं रेशीम हलकं असतं, पदर आणि काठ जड. येवल्याला मागावर बसलेला विणकर बघितलात तर कळतं की पदरावरच्या मोराला किती काड्या, किती धागे हाताने गुंतवले जातात. ते सगळं तिथेच साठतं. जर कसली आहे त्यावरही फरक पडतो: धातूच्या तारेची जर वजनदार, प्लॅस्टिकची जर हलकी. पण नुसती जड आहे म्हणून पैठणी खरी मानू नका. पदर उलटा करून बघा, हाताने विणलेल्या नक्षीची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, सुटे तरंगणारे धागे नसतात.

मालेगावहून थेट कापड आणलं तर स्वस्त पडतं. त्याचं वजन कसं धरायचं?

मालेगावच्या यंत्रमागांवरून उतरतं ते बहुतेक कोरं, म्हणजे ग्रे कापड. त्यात खळ असते, सरकीचे कण असतात, ते धुतलेलं किंवा रंगवलेलं नसतं. त्याचं सांगितलेलं वजन हे कोऱ्याचं वजन. प्रोसेसिंगमध्ये खळ आणि मळ जातो म्हणून वजन उतरतं, आणि कापड आटतं म्हणून थोडं परत चढतं. थेट आणणार असाल तर आधी अर्धा मीटर आणा, घरी उकळत्या पाण्यात साबण-सोडा घालून धुवा, वाळवून मग तोला. गोधडीच्या खोळीला, अस्तराला, मांजरपाटाच्या पिशव्यांना ते उत्तम आहे.

आटल्यावर वजन बदलतं का?

हो. लांबीत ५ टक्के आणि पन्ह्यात ३ टक्के आटलं तर १५० चं कापड १६३ च्या जवळ जातं, कारण तेवढंच सूत आता कमी जागेत आहे. म्हणून भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापड माझ्याकडे आणा आणि आणायचं कापड दहा टक्के जास्त घ्या.

वजनाप्रमाणे सुई-दोरा बदलावा लागतो का?

लागतो. मलमल, जॉर्जेटला ९ किंवा ११ नंबरची सुई, पॉपलिन-केंब्रिकला ११ ते १४, ड्रिलला १४-१६, जीन्सला १६ किंवा १८. मलमलीवर १६ ची सुई चालवली तर टाक्याटाक्याला भोक दिसतं. कॉलरचं बकरम, म्हणजे आत घालतात ते ताठ कापड, तेही वरच्या कापडाहून जड नको, नाहीतर कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहते आणि खाली शर्ट लोंबतो.

एकाच ड्रेसमध्ये दोन वजनांची कापडं जोडता येतात का?

येतात, फक्त वजन कुठे ओढलं जाईल याचा विचार करायचा. साडीला फॉल लावतो तो यासाठीच: खालच्या कडेला थोडं वजन आलं की निऱ्या सरळ पडतात आणि पायात अडकत नाहीत. जड खाली आणि हलकं वर असेल तर कापड स्वतःच्या ओढीने नीट बसतं, पण वरचं कापड ती ओढ पेलण्याइतकं भक्कम हवं.

हल्ली मलमलीच्या कुर्त्याला खणाचा योक किंवा खणाची बाही लावायची पद्धत आहे. खण दाट विणीचा आणि कडक असतो. तो गळ्याशी लावला की खालची मलमल शिवणीवर ताणली जाते आणि दोन-तीन धुण्यांत तिथे जाळी पडते. अशा वेळी मी मलमलीच्या शिवणपट्टीला आतून पातळ फ्यूजिंगची, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाची, अर्धा इंची पट्टी चिकटवते, चुण्या थोड्या जास्त घालते म्हणजे ओढ वाटली जाते, आणि शिवण दुहेरी मारते. खण आधी वेगळा भिजवा, तो मलमलीपेक्षा वेगळ्या प्रमाणात आटतो. रंगही बघा, लाल आणि जांभळा खण पहिल्या पाण्यात सोडतोच.